'पोहोचली काय?' : एक अल्पमीमांसा

मीमांसकांनी वादाची पाच अंगं सांगितली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय. त्याच शिस्तीने प्रस्तुत लेखक, राहणार नांदुरा, पुण्याला शिकायला निघालेल्या एका मुलीचा बाप, सदर वाक्याचा विचार करतो.

विषय असा : गाडी नांदुऱ्याहून सुटते, अजून मलकापूरही आलेलं नसतं, तोच बाप फोन लावतो, 'पोहोचली काय?' संशय असा : पुढे भुसावळ आहे, मनमाड आहे, पुणं रातभराच्या अंतरावर आहे, हे ज्याला पाठ आहे तो माणूस हे विचारतोच कशाला? (प्रमाण मराठीला इथे 'का' पुरतो. आमचा वऱ्हाडी 'काय' लांब आहे. आवंढा गिळायला जागा मिळते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836 च्या व्याकरणात ही सोय मला आढळली नाही, पण दादोबा पडले मुंबईचे.)

पूर्वपक्ष तिच्या आईचा. तिच्या मते हा शुद्ध रिकामटेकडेपणा. माया डब्यात दिसते. जवसाची चटणी, तेल झिरपू नये म्हणून वर प्लॅस्टिक, त्यावर झाकण, झाकणावर उभी-आडवी सुतळी, आणि गाठ अशी की वसतिगृहात कात्री शोधता शोधता पोरीने आईचं नाव घ्यावंच. यावर आमचा आक्षेप गावातूनच. हायवेवर 105 फुटी मारुती उभा आहे. तो लहानपणी थेट सूर्याकडे झेपावला. अंजनीमातेने सोबत डबा बांधून दिल्याचं कुणा कीर्तनकाराच्या तोंडून ऐकलेलं नाही. 'म्हणूनच तो सूर्य खायला निघाला,' असं उत्तर आलं. आक्षेप मागे घेतला.

उत्तरपक्ष थोडक्यात. बापाला गाठ मारता येत नाही. त्याच्या वाट्याला मोजणं येतं. फलाटावर मी नग मोजले : दोन बॅगा, वळकटी, पिशवी, डबा. पाच. खात्रीसाठी पुन्हा मोजले तर सहा भरले. सहावी ती स्वतःच होती. गाडी आमच्याकडे थांबते जेमतेम. तेवढ्यात 'चार्जर घेतलं काय?' हे तीनदा विचारून झालं. चार्जर तिच्या हातातच होतं.

राहिला निर्णय. तो मी फलाटावरच्या बाकड्यावर बसून जुळवत होतो, तेवढ्यात तिचाच फोन.

'बाबा, मलकापूर गेलं. तुम्ही पोहोचले काय घरी?'

घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर. गाडी जाऊन पाऊण तास झालेला.

'केव्हाचाच,' मी म्हणालो, आणि नेमकी त्याच वेळी समोरून कोळशाची मालगाडी धडधडत निघाली. ती काही केल्या संपेना.

'बाबा,' ती म्हणाली, 'घरात हा आवाज कशाचा?'