मुळावर उठलेली माणसं

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मंडळींनी मला शाल, श्रीफळ आणि एक ऑर्किड दिलं. शाल त्याच रात्री कपाटातल्या इतर शालींच्या थप्पीवर जाऊन पडली. श्रीफळ दुसऱ्या दिवशी सोलकढीत उतरलं. ऑर्किडचं काय करतात, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

लांब दांड्यावर जांभळट-गुलाबी सात फुलं, आणि सातही इतकी नीटनेटकी, की आईनं दोन दिवस ती प्लास्टिकची समजून फडक्यानं झटकली. आईचं वय ८२. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, की अगं, खरं झाड आहे ते.

“अगंबाई! मग त्याला पाणी नको का?”

सगळ्या प्रकरणाचा आरंभ या वाक्यानं झाला.

आमचं घर आग्रहाचं. श्रीखंडाच्या चौथ्या वाढपाला जावयानं पानावर हात आडवा धरला, तर आई बोटांच्या फटीतून वाढते. आल्यागेल्याला चहा विचारत नाहीत आमच्याकडे, टाकतात. अशा घरात एक मुकं झाड येऊन खिडकीत बसलं होतं आणि ‘पुरे’ म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

फुलं चांगली अडीच महिने टिकली. मग एकेक करून गळली, ते आम्ही समजून घेतलं. फुलं काय, गळायचीच. पण पाठोपाठ पानं मऊ पडली. जाड, तुकतुकीत पानं जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखी लोंबायला लागली, वर सुरकुत्या. बघणाऱ्या कुणालाही वाटावं, की बिचारं तहानलंय. आम्हालाही वाटलं. आम्ही पाणी वाढवलं. पानं आणखी लोंबली. आम्ही आणखी वाढवलं.

शेवटी झाड मांडीवर घेऊन रिक्षानं सोलापूर रस्त्यावरची एक नर्सरी गाठली. तिथल्या माणसानं पानं बघितलीच नाहीत. कुंडी दोन्ही बाजूंनी दाबली, झाड उपसून बाहेर काढलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला पोलिसांना फोन करावासा वाटला, स्वतःविरुद्ध.

“साहेब, रोज पाणी घालता काय?”

“रोज एकदाच,” मी म्हणालो.

“हे तहानेनं नाही, बुडून मरतंय. मुळंच कुजली, तर पाणी पिणार कशानं? म्हणून पानं सुकतात. पानं सुकली, की तुम्ही परत पाणी घालता.”

आयुष्यभर ऑडिट करून मला जे जमलं नाही, ते त्यानं चार वाक्यांत केलं. सालीच्या तुकड्यांची एक पिशवी, थोडा लोणारी कोळसा आणि भोकाभोकांची एक पारदर्शक कुंडी घेऊन मी परत आलो.

रात्री जेवताना चौकशी समिती बसवली. मी सकाळी चहानंतर एक पेला घालत होतो, हे मी कबूल केलं. बायको दुपारी घालायची, कारण ‘तुम्ही विसराल म्हणून’. आई संध्याकाळी दिवा लावल्यावर तांदळाचं धुवण घालायची, तेही थेट पानांच्या मध्यावर, शंकराला अभिषेक केल्यासारखं. आणि तिथे पाणी साचलं, की ऑर्किडचा शेंडाच कुजतो. कामाच्या मावशी तर म्हणाल्या, की तांब्यात उरलेलं पाणी उगाच मोरीत कशाला ओतायचं, म्हणून त्या झाडाला घालतात. एका झाडाच्या मुळावर चार माणसं उठली होती, आणि चौघांचाही हेतू शुद्ध.

रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून शस्त्रक्रिया झाली. ऑर्किडची मुळं मी पहिल्यांदाच नीट पाहिली. जिवंत मूळ बोटाला टणक लागतं. त्यावर पांढरट, स्पंजासारखं एक वेष्टण असतं. हे वेष्टण कोरडं असताना रुपेरी दिसतं. त्यावर पाण्याचा थेंब सोडला, की बघता बघता ते पाणी शोषतं आणि आतला हिरवा रंग वर येतो. हो, हिरवा. या झाडाची मुळंसुद्धा उजेडात पानांसारखं अन्न तयार करतात, म्हणून कुंडी पारदर्शक. मी तो थेंबाचा प्रयोग चार वेळा केला, मग बायकोनं वाटी काढून घेतली.

मेलेलं मूळ चिमटीत धरलं, की आंबलेल्या केळ्यासारखं दबतं. वरचं वेष्टण मोज्यासारखं सुळकन निघून येतं आणि हातात उरतो नुसता एक दोरा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ कुजला होता आणि पीळ माझ्या पोटात पडत होता. मुळांच्या ऐन मध्यात, अगदी आत, ओल्या शेवाळाचा एक घट्ट बोळा दडलेला निघाला. रोप लहान असताना लावलेला तो तसाच राहिला होता. वरून साल कोरडी दिसायची आणि आत हा बोळा आमच्या चौघांचं पाणी धरून बसलेला. विसर्जनानंतर आठ दिवस जिन्यात राहिलेल्या निर्माल्याच्या पिशवीला येतो, तसा वास घरभर सुटला.

एकूण मुळं एकोणीस. राहिली पाच.

कात्री बायकोची शिवणाची. ती गॅसच्या ज्योतीवर धरून निर्जंतुक केली, तेव्हा झाडापेक्षा कात्रीसाठी जास्त हळहळ व्यक्त झाली. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावायची, म्हणजे जखम सुकते. फक्त चांगल्या मुळांना ती लागू द्यायची नाही, नाहीतर तीही सुकतात. मसाल्याचा डबा टेबलावर आलेला पाहून आई म्हणाली, “आता हिंग-मोहरीची फोडणीपण देऊन टाका.”

मग तिनं पिशवीत डोकावून विचारलं, “आणि माती कुठाय?”

माती नसतेच, हे तिला पटवायला बराच वेळ गेला. हे झाड मूळचं दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर राहणारं. मुळांना पाऊस लागतो, की लगेच वारा लागतो. चोवीस तास ओलं राहायची त्यांना सवयच नाही.

“म्हणजे बांडगूळ.”

“बांडगूळ नाही. बांडगूळ म्हणजे घरजावई, सासऱ्याच्या जिवावर जगणारा. हा पेइंग गेस्ट आहे. खोली तुमची, डबा स्वतःचा.”

आईनं जरा विचार केला. तिचं माहेर तळकोकणातलं. “आमच्या परसात फणसावर सीतेची वेणी यायची. पावसाच्या तोंडाला हे एवढाले गुलाबी तुरे लोंबायचे.”

“तीच! तीही ऑर्किडच.”

“हो? पण तिला कधी कुणी पाणी घातलेलं मला आठवत नाही,” आई म्हणाली, आणि दोघंही गप्प झालो.

सालीचे आणि कोळशाचे तुकडे भरून, पाच मुळं सांभाळत, झाड नव्या कुंडीत बसवलं. अंगाबरोबरची, मुळं मावतील एवढीच कुंडी. ऐसपैस घेतली, तर पुन्हा आत ओल राहते. हात लावला तरी हलत होतं, म्हणून एका काडीला बांधलं. जखमा सुकेपर्यंत आठवडाभर पाणी बंद. आमच्या घरात आठवडाभर उपाशी राहिलेला हा पहिलाच जीव. येता-जाता सगळे त्याच्यापाशी थबकायचे, सुस्कारा टाकायचे आणि हात मागे घ्यायचे. सुस्काऱ्यांवर माझा विश्वास नव्हता. मी पुण्याच्या पाण्याला जागून पाटी लावली: ‘येथे पाणी घालू नये. झाडाने मागितल्यास झाडास मला भेटण्यास सांगावे.’

झाडाचं नाव फॅलेनॉप्सिस. कार्ल ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२५ साली ते ठेवलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पतंगासारखं दिसणारं. आमच्याकडे ते ‘फलाणा ऑप्सिस’ झालं. “अहो, तुमच्या फलाण्याला आज ऊन लागतंय हं,” असं बायको ओरडायची, आणि मी कुंडी पडद्याआड सरकवायचो.

तिसऱ्या आठवड्यात आईनं मला बाजूला घेतलं. “अशक्तपणा गेला नाहीये त्याचा. दुधातून थोडी सालममिश्री देऊन बघूया का?”

सालममिश्री म्हणजे ऑर्किडचेच वाळवलेले कंद, हे मी तिला सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला. नंतर बराच वेळ ती सालममिश्रीची बाटली हातात धरून, आजवर आपण कुणाकुणाला दुधात कालवून प्यायलो, याचा हिशेब करत असावी.

पाणी आता असं: कुंडीतून दिसणारी मुळं हिरवी असतील, तर गप्प बसायचं. रुपेरी झाली, की सकाळी कुंडी दहा मिनिटं पाण्यात बुडवायची आणि पूर्ण निथळू द्यायची. पहिली पायरी आमच्यापैकी कुणालाच जमत नाही.

दीड महिन्यानंतर खालच्या पानाच्या बगलेतून हिरवं बोंड डोकावलं. मोहरीएवढं, मग मुगाएवढं. बायको म्हणाली, फुलाचा दांडा. मी भिंग आणलं. दांड्याचं टोक चपटं, बोटं मिटलेल्या हातमोज्यासारखं असतं आणि मुळाचं गुळगुळीत, गोल. माझ्या मते हे गोल होतं. बायकोच्या मते माझा चष्मा बदलायला झाला होता. तिनं नणंदेला आणि विहीणबाईंना कळवूनसुद्धा टाकलं. डोहाळजेवणाचा विषय निघायचाच बाकी होता.

बोंड बोटभर लांब झालं, त्यावर रुपेरी वेष्टण चढलं आणि टोकाला चकचकीत हिरवा ठिपका राहिला. मूळच होतं. विहीणबाईंना काय सांगायचं, यावर घरात दोन दिवस खल झाला. मला मात्र फुलापेक्षा जास्त आनंद झाला होता. पाचाची सहा झाली होती.

आता ते मूळ कुंडीच्या काठावरून बाहेर आलंय आणि हवेत वळून नेमकं स्वयंपाकघराच्या दिशेनं निघालंय. असं बाहेर पडणं या झाडाला साहजिकच असतं, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. आईला ते पटलेलं नाही.

परवा दुपारी मी पेपराआडून बघत होतो. आई खिडकीशी आली, मुळाकडे वाकून म्हणाली, “हात पसरलाय बघ बिचाऱ्यानं,” आणि तिनं तांब्या उचलला. मग तिची नजर पाटीवर गेली. पाटी तिनं ओठ हलवत वाचली, एकदा माझ्या पेपराकडे बघितलं, आणि तांब्यातलं पाणी उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकलं.