ह्यांचं पहाटेचं प्रकरण

"काय हो वहिनी, रविवारी पहाटे पाचला तुमच्याकडची स्कूटर जाते कुठे? नाही, विचारते आपली. गल्लीत चर्चा आहे."

"असू दे. ह्यांना रिटायर झाल्यापासून पक्ष्यांचं वेड लागलंय. दहापर्यंत घोरणारा माणूस हा! पाच ते बारा नोव्हेंबर तर विचारूच नका. चितमपल्लींच्या जयंतीपासून सालिम अलींच्या जयंतीपर्यंत पक्षी सप्ताह. घरात फराळाचे डबे तसेच, हे रानात."

"तुम्हीपण जाता की काय?"

"परवा गेले. लाल कुडता घालायची बंदी, पक्षी बिचकतात म्हणे. सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीकडची ती ओढ्याची घळ आहे ना, तिथे. हवा काय सुंदर होती! आभाळ निरभ्र, ऊन कोवळं. म्हटलं, झपझप गड चढू, देवटाक्याचं पाणी पिऊ, पिठलं-भाकरी नि मडक्यातलं दही खाऊन उतरू. कसलं काय! ह्यांनी डबक्यासमोर ठाण मांडलं."

"डबक्यासमोर?"

"अहो ताई, पाऊस सरला की ओढा आटतो, दोन-चार डबकी उरतात. साऱ्या रानाचा पाणवठा तोच. धापा टाकत वर जाणाऱ्यांना दिसते फक्त पुढच्याची सॅक. आधी सातभाई आले, आपल्या भिशीसारखा कलकलाट करत. मग एकदम गप्प. आणि वरून स्वर्गीय नर्तक! अंग बुलबुलाएवढं, पांढरंशुभ्र, डोकं काळं कुळकुळीत, डोळ्याभोवती निळं कडं. शेपटीची दोन पिसं तर वीतभराहून लांब. फांदीवरून थेट पाण्यात सूर, परत फांदीवर, परत सूर. आंघोळ चालली होती हो!"

"फोटो काढलात?"

"फोटोचं नाव काढू नका. एकजण आला हातभर लेन्स घेऊन आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला. नराला वाटतं, हद्दीत दुसरा घुसला. बिचारा खाणंपिणं सोडून शोधत बसतो. ह्यांनी असा झापला त्याला!"

"ह्यांनी? सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत ते?"

"तेच! मी बघतच राहिले."

"बरं, आणि त्या नर्तकाची बायको?"

"तांबूस, आखूड शेपटीची. मी म्हटलं, बघा, नटायचं ह्यानं, राबायचं तिनं. तर हे म्हणाले, नाही, अंडी दोघं आळीपाळीनं उबवतात. नर त्या एवढ्या शेपटीसकट घरट्यात बसतो, पिसं बाहेर लोंबतात."

"काय सांगता! बसतो खरंच?"

"बसतो. आणि आमच्याकडे दूध उतू जातं, तेव्हा हे गच्चीत दुर्बीण लावून समोरच्या वडावरचा तांबट बघत असतात."