पहिले स्टूल: येवल्यातील हौशी सुतारांसाठी नियमावली

स्वतःचे फर्निचर स्वतः करण्याची लाट मोबाइलवरून आता येवल्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. व्हिडिओत एक दाढीवाला गृहस्थ बर्फाळ मुलखातल्या आपल्या गॅरेजमध्ये अक्रोडाची फळी उचलतो आणि बाराव्या मिनिटाला तिचे जेवणाचे टेबल झालेले असते. हा व्हिडिओ येवल्यात पाहिला जातो तो ओट्यावर, दुपारी, वीज यायची वाट बघत. त्यातून अनेकांचे हात शिवशिवू लागले आहेत. अशा इच्छुकांना शिस्त लागावी आणि घरातल्या इतरांच्या जिवाला घोर लागू नये, म्हणून ही नियमावली.

कलम १: पात्रता

सुतार पैसे घेऊन स्टूल करतो. हौशी माणूस पैसे घालून करतो. बाकीचे फरक काम सुरू झाल्यावर आपोआप दिसतात. ज्याच्या घरी शेती आहे त्याने अर्ज करू नये. कुदळीला दांडा बसवणे, कांदाचाळीची निखळलेली पट्टी ठोकणे ही कामे तो मुकाट्याने करत आलेला असतो आणि हौसेत मुकाटपणाला स्थान नाही. शिक्षक, बँक कर्मचारी, औषध दुकानदार आणि निवृत्तीला टेकलेले सर्व खात्यांतले लोक पात्र समजावेत.

अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराने गावाची नजर ओळखावी. हे पैठणीचे गाव आहे. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या साडीचा भरजरी नमुना मागावर महिनोन्महिने असतो. विणकराच्या घरातली सर्वांत मोठी लाकडी वस्तू म्हणजे माग, आणि ती घर चालवते. तुमची वस्तू घरात फक्त जागा अडवणार आहे. शिवाय हातमागावरच्या अस्सल पैठणीची उलटी बाजू सुलट्या बाजूइतकीच नीटस असते, आणि जाणते गिऱ्हाईक आधी पदर उलटा करून बघते. त्यामुळे तुमचे स्टूल बघायला येणारा येवलेकर त्यावर बसणार नाही. तो ते उचलेल आणि उलटे करेल. खिळ्यांची टोके, फेविकॉलचे ओघळ, पेन्सिलीने खोडलेली तीन मापे हे सगळे तिथेच असते. तेव्हा पहिला नियम: काम खालच्या बाजूने सुरू करावे.

कलम २: पहिली वस्तू

सोफा, दिवाण आणि झोपाळा पहिल्या वर्षी वर्ज्य. देव्हाराही करू नये; नमस्कारासाठी वाकलेल्या माणसाचे डोळे नेमके सांध्यासमोर येतात आणि त्याचे चित्त देवावरून उडते.

पाट सोपा वाटतो: एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. इथेच भल्याभल्यांची दांडी उडते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. हौशी माणूस उत्साहाच्या भरात खालच्या पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत फेविकॉलने चिकटवतो. जूनमध्ये फळीला फुगायचे असते, एप्रिलमध्ये आक्रसायचे असते, पट्टी दोन्ही वेळा नाही म्हणते, आणि एके दिवशी टाळी वाजल्यासारखा आवाज होऊन पाटाचे दोन पाट होतात. पट्टीला मध्यभागी एकच स्क्रू घट्ट द्यावा, कडेच्या स्क्रूंची पट्टीतली भोके थोडी लांबट ठेवावीत. लाकडाला श्वास घ्यायला जागा मिळते आणि पाट एकच राहतो.

पाटानंतर तिवई करावी. तीन पायांची वस्तू कशाही जमिनीवर डगमगत नाही, हा भूमितीचा नियम आहे आणि तो हौशी लोकांच्याच सोयीसाठी केलेला असावा. चौथा पाय आला की अहंकार आला. चार पायांचा चौरंग डगमगला की माणूस लांब वाटणारा पाय अर्धा सूत कापतो. मग दुसरा पाय लांब वाटू लागतो. हा क्रम चौरंगाचा पाट होईपर्यंत चालू शकतो. तसे झाल्यास आपण पाटच करायला घेतला होता, असे जाहीर करावे.

कलम ३: लाकूड

लाकूड वखारीतून आणावे आणि जाण्यापूर्वी हिशोब पाठ करावा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४ म्हणजे घनफूट. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. हे तोंडी सांगितले की वखारवाला मान वर करून बघतो. भाव कमी करत नाही, फक्त बघतो.

सागवान उत्तम, आणि म्हणूनच पहिल्या वस्तूला वापरू नये. बाभूळ चिवट, बैलगाडीच्या चाकांचा भार तिने पिढ्यान् पिढ्या सोसला, पण तुमच्या करवतीशी तिचे जमेलच असे नाही. पॅकिंगच्या पेट्यांचे पाइनवुड स्वस्त आणि मऊ, सरावाला बरे. जुन्या घराच्या उतरवलेल्या तुळया आणि कडीपाट मिळाले तर नशीब थोर. ते लाकूड केव्हाच वाळून स्थिर झालेले असते. मात्र त्याच्या पोटात आजोबांच्या काळचे खिळे असतात, आणि रंध्याच्या पात्याला त्यांचा पत्ता अचूक सापडतो. आधी चुंबक फिरवावे.

अंगणातल्या आंब्याकडे किंवा चिंचेकडे तसल्या नजरेने पाहू नये. खासगी जागेतली झाडे तोडण्यावर महाराष्ट्रात १९६४ चा कायदा आहे, आणि साग, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे त्याच्या यादीत आहेत. परवानगीचा अर्ज करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात सागवानाचे कपाट विकत घेऊन, वापरून, जुने करता येते.

ओले लाकूड घेतले तर ते सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवावे. इंचभर जाडीला साधारण वर्ष, असा जुना हिशोब आहे. येवल्याची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, हे या कामात गावाचे भाग्य. तेवढ्यासाठी तरी उन्हाळ्याबद्दल तक्रार करू नये. त्या वर्षभरात येणारा-जाणारा “घर पाडलं काय?” असे विचारील. उत्तर देऊ नये.

कलम ४: अवजारे

करवत, पटाशी, रंधा, गुण्या, हातोडी आणि धार लावायचा दगड एवढ्यावर पहिले वर्ष निघते. हौशी माणसाकडे यातले दगड सोडून सगळे असते. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि घसरली की लाकूड धरलेल्या डाव्या हाताच्या दिशेने जाते. म्हणून धार रोज लावावी आणि दोन्ही हात पात्याच्या मागे ठेवावेत. हे वाक्य विनोदाने घेऊ नये.

विजेवर चालणारी यंत्रे जरूर घ्यावीत. वीज गेली की काम न होण्याला सभ्य कारण मिळते. कटर दुपारी एक ते चार चालवू नये. त्या वेळात झोपमोड केल्याचा राग गल्ली पुढच्या गणपतीच्या वर्गणीपर्यंत लक्षात ठेवते.

कलम ५: माप

इंचाचे आठ सूत. सुतार इंच-सुतात बोलतो, प्लायवाला मिलिमीटरमध्ये, आणि टेपच्या दोन कडांवर दोन वेगळी माणसे राहतात. एका कामात एकच कड वापरावी. खुर्चीची बैठक जमिनीपासून अठरा इंचांच्या आसपास, जेवणाचे टेबल तीस इंच. हे आकडे माणसाच्या गुडघ्यांनी ठरवले आहेत, त्यात कल्पकता दाखवू नये.

काटकोन तपासायला गुण्या लहान पडला तर एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करावी. दोन खुणांमधले तिरपे अंतर पाच फूट भरले की कोपरा काटकोनात. ही युक्ती जुन्या घराच्या भिंतींवर वापरू नये. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, पण इथे अंगण खरोखरच वाकडे निघते. तिरकस भिंतीला चिकटून बसणारे कपाट तिरकसच करावे लागते आणि ते दुसऱ्या कोणत्याही घरात सरळ दिसत नाही. भाडेकरूंनी याचा विचार करावा.

पुस्तकांची फळी हा वेगळा विषय. एकोणीस मिलिमीटरच्या प्लायला अडीच-तीन फुटांवर आधार द्यावा. पुस्तके गच्च भरलेली फळी, जाडी तीच ठेवून, दुप्पट लांब केली तर ती दुप्पट वाकत नाही, सोळापट वाकते. ज्यांच्या घरी तीस वर्षांचे दिवाळी अंक आहेत त्यांनी हा आकडा फळीवरच लिहून ठेवावा. वाचून होत नाहीत म्हणून ते हलके होत नाहीत.

कलम ६: चिकटवणे

फेविकॉल लावला म्हणजे जोड झाला, असा समज जाहिरातींनी पसरवला आहे. दोन्ही पृष्ठे एकमेकांना नीट भिडली पाहिजेत, त्यांच्यावर दाब पाहिजे, आणि रात्रभर तरी तो जोड कोणी हलवता कामा नये. दाबासाठी क्लॅम्प लागतात आणि ते नेहमी एक कमी पडतात. येवल्यात सपाट जोडांना यावर नैसर्गिक उपाय आहे: कांद्याची गोणी. पन्नास किलोचा दाब, सगळीकडे सारखा, भाड्याशिवाय. गोणी मात्र ताजी घ्यावी. चाळीत महिनोन्महिने पडलेला कांदा वजनाला घटतो. भाव वाढल्याची बातमी आली तर गोणी रात्रीतून बाजार समितीकडे रवाना होऊ शकते, हे गृहीत धरून जोडाचा दिवस निवडावा.

कलम ७: आसारीला हात लावू नये

संक्रांत जवळ आली की हौशी सुतारांना एक नवा झटका येतो: यंदा आसारी घरी करू. हे कलम त्यांच्यासाठी.

भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस येवला गच्चीवर राहते. हलकडी वाजत असते, आणि पतंगाचा मांजा गुंडाळायला इथे साधे चक्र चालत नाही, आसारीच लागते. मध्ये दांडी, भोवती पात्यांचा पोकळ गोल. बघणाऱ्याला वाटते, यात काय आहे? यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे दांडी बरोबर केंद्रातून गेली पाहिजे. ती जराशी जरी हुकली तरी आसारी हातात फिरताना उड्या मारते, ढील झटक्याने जाते, आणि पतंग वरच्या वर दुसऱ्याचा होतो. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. ताणलेल्या दोऱ्याचा एक वेढा पात्यांना किंचित आत दाबतो. दुसरा वेढा त्यावर आणखी थोडे. असे शेकडो वेढे मिळून आत दाबत राहतात, आणि बोटाने तुटेल अशा दोऱ्याची ती मोट कच्च्या आसारीचा चुरा करू शकते. तोही भर गच्चीवर, शेजारच्या चार गच्च्यांच्या साक्षीने.

येवल्यात वाकडे स्टूल खपते, कारण ते घरात असते. वाकड्या आसारीला लपायला जागा नाही. ती कारागिराकडूनच घ्यावी, आणि घेताना दांडी हातात फिरवून पाहावी. एवढे केले तरी गच्चीवर आपली मते ऐकून घेतली जातील.

कलम ८: पॉलिश

घासकागद आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०. नेहमी रेषांच्या दिशेने. कंटाळा येऊन १२० गाळणाऱ्यांचे ओरखडे पॉलिश लावल्यावर दुप्पट उठून दिसतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात द्यावेत, किंवा जवसाचे तेल चोळावे. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये; सुकताना ती आतून तापते आणि पेट घेऊ शकते. ती दोरीवर मोकळी पसरून वाळवावी, मग टाकावी. घरच्यांनी “हे काय वाळत घातलंय?” विचारले तर हे कलम दाखवावे.

कलम ९: निरीक्षणे आणि उत्तरे

काम चालू असताना गल्लीतून पुढील प्रश्न येतील.

“काय करतोय भाऊ?”

“स्टूल.”

“कोणाचं?”

“घरचंच.”

“मग सुतार नाही मिळाला का?”

चौथ्या प्रश्नानंतर करवत सुरू करावी.

खरी परीक्षा खरा सुतार येतो तेव्हा. तो काही बोलत नाही. अंगठा कडेवरून फिरवतो, तळहात बैठकीवर ठेवून दोन बाजूंना दाबतो, मग उलटे करतो. “चांगलंय” म्हणाला तर तो घाईत आहे. “कोणी केलं?” विचारले तर त्याला उत्तर माहीत आहे. “चालेल” म्हणाला तर पेढे वाटावेत.

कलम १०: हिशोब

वखार, अवजारे, स्क्रूची तीन पाकिटे, चुकीच्या मापाचे चौथे, पॉलिश, बँडेज आणि घरच्यांची समजूत काढण्यासाठी आणलेले श्रीखंड धरून आकडा काढावा. तो बाजारातल्या स्टुलापेक्षा मोठा येतो. त्यात स्वतःची मजुरी धरू नये. तासाच्या दराने धरली तर ते स्टूल बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे लागेल.

पुढे केव्हातरी मुलीच्या लग्नासाठी किंवा नव्या घरासाठी सुतार बोलवावाच लागतो. तो कपाटाचा आकडा सांगतो. पूर्वी अशा वेळी उमेदवार “अहो, एवढं काय आहे त्यात?” म्हणून निम्म्यापासून सुरुवात करत असे. आता त्याला माहीत असते त्यात काय आहे: धार, वाळलेले लाकूड, भिडलेला जोड, आणि कोणी बघणार नाही त्या बाजूला लागलेला वेळ. तो गप्प राहतो. पैठणीच्या दुकानातही हेच होते. भाव ऐकून तो पदर उलटा करतो, पुन्हा सुलटा करतो आणि पाकीट काढतो. घरच्यांनी याची नोंद घ्यावी. ज्याने एक तिवई धडपणे पुरी केली तो माणूस घासाघिशीला कायमचा निकामी होतो. यापुढे खरेदीला त्याला सोबत नेऊ नये.