चार टिक उशिरा

माझ्या जुन्या सिक्वेन्सरला अनडू नाही. ‘क्वांटाइज’ मात्र आहे, आणि ते बटण ‘रेकॉर्ड’ला इतकं चिकटून आहे की आराखडा काढणाऱ्यानं आयुष्यात कधी घाईत काही दाबलं नसावं.

क्वांटाइज म्हणजे वाजवलेला प्रत्येक ठोका उचलून जवळच्या रेघेवर बसवणं. मिनिटाला ९० मात्रांची लय धरली तर एक मात्रा साधारण ६६७ मिलिसेकंदांची. तिचे चार भाग केले की दर १६७ मिलिसेकंदांवर एक रेघ. रेघेच्या अलीकडे-पलीकडे ८३ मिलिसेकंदांच्या आत कुठेही हात पडू द्या, यंत्र तुम्हाला दंडाला धरून रेघेवर नेतं. संगणकावरची काही सॉफ्टवेअरं मूळ वाजवणं जपून ठेवतात आणि फक्त ऐकवताना सरळ करतात. नाही आवडलं तर परत वाकडं. माझं यंत्र मूळ पुसून त्या जागी सरळ लिहितं. विषय संपला.

याचा मला एरवी त्रास नव्हता. मी वाजवतो ते कुणी सरळ केलं तर ऐकणाऱ्यांचं भलंच होतं. पण मामा आले. मामा बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि सोसायटीच्या भजनात ढोलकी वाजवतात. त्यांनी रबरी पॅडवरून तळहात फिरवला.

“याला शाई कुठंय रे?”

“शाई नाही मामा, रबर आहे.”

“मग घुमणार कसं?”

“आतल्या आत घुमतं.”

“तसली माणसं आमच्या शाखेत पुष्कळ होती,” म्हणाले आणि केरवा सुरू केला.

मामांची एक विशिष्ट थाप दर आवर्तनात किंचित मागे पडते. किती, तर तीसेक मिलिसेकंद. मान डोलते ती तेवढ्यातच. मी क्वांटाइज दाबलं. थाप रेघेवर आली, आणि दोन बोटांनी पाठोपाठ सोडलेली जोडथाप एकाच रेघेवर आदळून एकटी झाली.

“छान आहे,” मामा म्हणाले. “कोण वाजवतंय?”

“तुम्हीच.”

“मी? हा तर मस्टरवर सही करतोय!”

बरं, ही सोय काही संगीताच्या शत्रूनं आणलेली नाही. ड्रम मशीनमध्ये ती रुजवणारे रॉजर लिन स्वतः गिटार वाजवणारे. १९८० च्या त्यांच्या एलएम-१ मध्ये ठोके सरळ करण्याबरोबर ‘स्विंग’ही होता: मात्रेच्या चार भागांतला दर दुसरा भाग जरा मागे ढकलायचा. ५० टक्के म्हणजे सरळसोट, ६६ च्या आसपास गेलं की तिनाचा झोल. आधी वाकडेपणा काढायचा आणि मग मापानं परत ओतायचा, असा हा शहाणपणा. १९८८ च्या एमपीसी६० मध्ये एका मात्रेचे ९६ टिक झाले. त्याच घराण्यातल्या एमपीसी३००० वर डेट्रॉइटच्या जे डिलानं ठोके असे काही मागेपुढे सरकवले, की त्याचं यंत्र आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. माझ्याकडेही स्विंग आहे, पण तो सरसकट. मामांची थाप मागे न्यायची तर टाळही त्यांच्यासोबत लंगडायला लागतो.

तेव्हा आडवाटा शोधणं आलं. पहिली सगळ्यांना ठाऊक असते: आधी ट्रॅकची नक्कल काढायची, मूळ ट्रॅक मुका करून ठेवायचा आणि काय अत्याचार करायचे ते नकलेवर करायचे. पण ट्रॅक मोजके. मामांच्या मुक्या आवृत्त्यांनी निम्मे अडवल्यावर बासरीनं कुठं जायचं?

दुसरी वाट टेम्पो दुप्पट करण्याची. यंत्राला १८० सांगायचं आणि आपण ९० समजून वाजवायचं. रेघा ८३ मिलिसेकंदांवर येतात, ओढाताण फार तर बेचाळीसची होते आणि जोडथाप कधीकधी वाचते. तीस मिलिसेकंदांचा झोल मात्र तरीही सरळ होतोच. शिवाय मेट्रोनोम दुप्पट वेगानं टकटकत राहतो आणि मामा त्याच्याकडे बघून विचारतात, “याला कुठली गाडी पकडायचीय?”

माझी लाडकी वाट तिसरी, कारण तिच्यात यंत्राशी भांडण नाही. मागे पडणारी थाप वेगळ्या पॅडवर घ्यायची आणि तिच्या सॅम्पलच्या आरंभी तीस मिलिसेकंदांची शांतता चिकटवायची. यंत्र ठोका खुशाल रेघेवर बसवू दे. मस्टरवर सही वेळेवर, मामा प्रत्यक्षात चार टिक उशिरा.

पंचाईत होते ती टाळ रेघेच्या आधी हवा असला की. शून्याहून कमी शांतता चिकटवता येत नाही. म्हणून टाळ सोडून बाकी सगळ्यांना शांतता लावली: ढोलकी, बासरी, बास, सगळे मागे. टाळ आपोआप पुढे आला. फक्त आता ‘प्ले’ दाबलं की गाणं मुळातच किंचित उशिरा सुरू होतं. हे मी मामांच्या कानावर घातलं.

“प्रमुख पाहुणे आले का?” मामांनी विचारलं.

“कोण पाहुणे? कुणी नाही.”

“मग कसला उशीर?”