आधी त्याचं, मग आपलं

भाद्रपद शुद्ध पंचमीला आपल्याकडे घरोघर गणपती बसलेला असतो आणि स्वयंपाकघरात ऋषीची भाजी शिजत असते. अळू, सुरण, भेंडी, पडवळ, लाल भोपळा, माठ, मक्याच्या कणसाचे तुकडे असं सगळं एकाच पातेल्यात. तेल-मसाल्याची ढवळाढवळ फारशी नाही. त्यामागचा नेम मोठा मजेदार आहे : आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. वर्षभर ज्याच्या खांद्यावर आपण जेवलो, त्याच्या कमाईला एक दिवस हात लावायचा नाही. परसात, हाताने लावलेलं असेल तेवढंच पोटात घालायचं. हल्ली शेतं बहुतेक ट्रॅक्टरच नांगरतो. त्यामुळे हा कडक नेम आपण बाराही महिने पाळतो आहोत आणि आपल्या पुण्याचा आपल्यालाच पत्ता नाही!

गंमत म्हणजे नेमक्या याच तिथीला पश्चिम ओडिशात नुआखाई असते. आपण धान्याला नाही म्हणतो त्या दिवशी तिकडे वर्षाचा पहिला नवा तांदूळ तोंडात पडतो. तोही मनाला येईल तेव्हा नाही. मुहूर्त निघतो, संबलपूरच्या समलेश्वरी देवीला पहिला घास जातो आणि मगच घरातला वडीलधारा बाकीच्यांच्या हातावर प्रसाद ठेवतो. लहान-थोर सगळे पहिल्या घासासाठी घड्याळाकडे डोळे लावून बसलेले असतात. जेवण झालं की धाकटे मोठ्यांच्या पाया पडतात आणि वर्षभराची भांडणं त्या दिवसापुरती तरी मिटतात. भरल्या पोटी भांडायला माणसाला फारसा जोर राहत नाही, हे पूर्वजांनी बरोबर हेरलं होतं.

एकाने खायचं नाही, दुसऱ्याने मुहूर्ताशिवाय खायचं नाही. सुगीचे सण जगात कुठेही पाहा, खाण्याइतकाच थांबण्याचा कार्यक्रमही तब्येतीत असतो. गोव्यात राय गावच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं. पाद्री विळ्याने नव्या भाताची कणसं कापतात, त्यांना आशीर्वाद देतात आणि मग ती घरोघर देवापुढे जातात. जपानचा सम्राट नोव्हेंबरात राजवाड्यात रात्री नवा तांदूळ देवांना वाहतो आणि मग स्वतः चाखतो. तो दिवस २३ नोव्हेंबरचा. युद्धानंतर, १९४८ साली, जपान्यांनी तीच तारीख कष्टांचे आभार मानायची सुट्टी म्हणून कायद्यात घातली. सम्राटाचे देव आणि कारकुनाची सुट्टी एकाच तारखेत बसली.

एवढं ताटकळून मिळतो तो नवा तांदूळ कसा असतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला विचारावं. "नव्याचा भात गचका होतो हो," असं म्हणून ती वाण्याकडून जास्त पैसे मोजून जुना तांदूळ आणते. तरी दारावर बांधायला लोंब्या नव्याच हव्यात. जो भात आपण नाक मुरडत खाणार, त्याच्यासाठी एवढी वाट पाहायची, यालाच बहुधा भक्ती म्हणत असावेत.

थांबण्यात घानाच्या गा लोकांचा हात कुणी धरणार नाही. त्यांच्या होमोवो या सुगीच्या सणाआधी अक्रासारख्या राजधानीत जवळपास महिनाभर ढोल वाजवायला बंदी असते. पीक शांतपणे वाढू द्यायचं. मग सणाला मक्याचं क्पोक्पोई करतात, पूर्वजांच्या नावाने ते जमिनीवर शिंपडतात आणि ज्या उपासमारीने कधीकाळी हाल केले, तिची हुर्यो उडवतात. सणाच्या आधी महिनाभर शांतता! आपल्या मंडळांपुढे ही कल्पना मांडायला जाणाऱ्याने हेल्मेट घालून जावं.

थांबणं न जमलेली मंडळीही आहेतच. अमेरिकेत १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. आभार मानायचा सण शेवटच्या गुरुवारी करायचा तर नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडणार, म्हणून व्यापारी कासावीस झाले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. जवळपास निम्म्या राज्यांनी ते ऐकलं नाही, आणि एकाच देशात दोन वेगवेगळ्या गुरुवारी टर्की भाजली गेली. शेवटी १९४१ मध्ये संसदेला कायदा करून चौथा गुरुवार ठरवून द्यावा लागला. आभार मानायचे की नाही यावर वाद नव्हता. वाद होता तो दुकान कधी उघडायचं याचा.

हिशेब मांडला तर या सगळ्यात देणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. देव ताटातलं एक शीतही उचलत नाही. पोळ्याला पुरणपोळी खाऊन मिरवलेला बैल दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपला जातो. आपण खरोखर देतो ते एवढंच, की भूक लागलेली असताना हात थोडा वेळ आखडून धरतो. तेवढंच काय ते आपलं स्वतःचं असतं. बाकी सगळं पावसाचं, मातीचं आणि राबणाऱ्यांचं.

आता वाणसामान दहा मिनिटांत दारात येतं, आणि त्या दहा मिनिटांतही माणूस चार वेळा फोन उघडून स्वार कुठवर आला ते बघतो. आपला बराच वेळ वाचला म्हणतात. वाचलेला तो वेळ कुठे ठेवला, हे मात्र अजून कुणालाच सापडलेलं नाही.