तीन नंबरचं इंजिन

जुन्या पद्धतीच्या छोट्या मॉडेल रेल्वेत वीज हाच हुकूम असतो. कंट्रोलरची मूठ फिरवली की रुळांत व्होल्ट चढतात आणि रुळांवर जे जे उभं असेल ते ते निघतं. दोन इंजिनं असली तर दोन्ही निघतात. आमच्या आजोबांची घर चालवायची पद्धत हीच होती. ओसरीवरून त्यांनी "चला!" म्हटलं की कुणाला म्हटलं हे न विचारता सगळे उठायचे, क्वचित एखादा पाहुणासुद्धा. एकाला बसवून ठेवायचं तर त्याला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावण्यावाचून उपाय नसे. रेल्वेवालेही तेच करत आले: रुळाचा एखादा तुकडा बाकीच्यांपासून तोडायचा, त्याला स्वतंत्र बटण द्यायचं आणि नको असलेलं इंजिन तिथे कोंडायचं.

डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, आलं आणि ही कडी गेली. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीचं तंत्र घेऊन अमेरिकेतल्या एनएमआरए या हौशी संघटनेने १९९० च्या दशकात त्याचं प्रमाण ठरवून दिलं. यात रुळांत पूर्ण दाबाची वीज कायम असते, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत राहते. अर्धा फेरा ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर तो '१', शंभर किंवा त्याहून लांब असला तर '०'. अशा एक-शून्यांतून निरोप जातो की अमुक पत्त्याच्या इंजिनाने अमुक वेगाने जावं. निरोप सगळ्यांच्या कानावर पडतो, हलतो फक्त ज्याचा पत्ता घेतला तो. ही शिस्त माणसांत यायला किती काळ लागेल, हा विषय वेगळा.

निरोप ऐकायला इंजिनाच्या पोटात डिकोडर हवा. माझं इंजिन जुनं, आतेभावाने अमेरिकेहून पाठवलेलं: अल्को कंपनीच्या डिझेलची १:८७ प्रमाणातली प्रतिकृती. अल्को म्हटल्यावर पुण्याच्या माणसाला परकं वाटायचं कारण नाही. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून निघालेली डब्ल्यूडीएम-२ इंजिनं मूळ अल्कोच्याच नकाशांवरची. अल्कोचं दुकान १९६९ साली मिटलं, पण पुण्याहून मिरजेकडे जाताना खिडकीतून डोळ्यात गेलेली काजळी त्याच घराण्याची होती.

जुन्या इंजिनात नवा डिकोडर बसवायचा तर एक गोष्ट आधी पाहावी लागते. मोटरला दोन ब्रश असतात, आणि स्वस्तात मस्त म्हणून पूर्वीचे लोक खालच्या ब्रशची पितळी पट्टी थेट धातूच्या सांगाड्यावर टेकवत. सांगाड्याला एका रुळाची वीज मिळालेलीच असते; एक वायर वाचली. डीसीसीत मात्र मोटर आणि रूळ यांची अशी परभारे ओळख चालत नाही, सगळा व्यवहार डिकोडरमार्फत व्हायला हवा. पट्टी टेकलेली राहिली तर डिकोडरमधून बारीकसा धूर निघतो. या छंदातल्या लोकांचं ठाम मत आहे की प्रत्येक डिकोडर त्या धुरावरच चालतो, कारण एकदा तो बाहेर पडला की पुढे काही चालत नाही.

म्हणून मोटर बाहेर काढली, खाली पिवळट कॅप्टॉन टेप चिकटवली, आणि मल्टीमीटरची एक सळई ब्रशला, दुसरी सांगाड्याला लावून खात्री केली. मीटर गप्प राहिला. मीटर गप्प राहिल्याचा एवढा आनंद इतर कुठल्याही छंदात होत नसावा.

वायरींचे रंग ठरलेले: तांबडी उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची, नारिंगी आणि करडी मोटरची, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्याची, निळी दोन्ही दिव्यांची सामाईक. नारिंगी-करडीची अदलाबदल झाली तर काही जळत नाही, इंजिन फक्त पुढे म्हटलं की मागे जातं. सोल्डरिंग माझ्या भाचीने केलं. तिचा हात स्थिर आहे आणि डोळे चाळीस वर्षांनी लहान आहेत. "मामा, तू फक्त वायर धर आणि श्वास सोडू नकोस," एवढंच काम माझ्याकडे होतं.

कारखान्यातून येणाऱ्या डिकोडरचा पत्ता ३ असतो, सगळ्यांचाच. तो न बदलता दोन नवी इंजिनं रुळावर ठेवली तर पुन्हा आजोबांचं राज्य सुरू. पत्ता पहिल्या सीव्हीत लिहायचा. सीव्ही म्हणजे डिकोडरच्या आतला एकेक कप्पा. त्यात आकडा टाकला की इंजिनाचा स्वभाव बदलतो. तिसऱ्यात वेग किती सावकाश घ्यायचा, चौथ्यात किती सावकाश सोडायचा. भाचीने चौथ्यात एवढा मोठा आकडा टाकला की इंजिन स्टेशन ओलांडून, फुलदाणीला वळसा घालून मग थांबलं. खऱ्या मालगाडीचं तसंच होतं, असं तिचं म्हणणं. फुलदाणी उचलण्यात आली. स्वभाव फारच बिघडला तर बहुतेक डिकोडरांत आठव्या सीव्हीत ८ लिहिलं की सगळं मूळपदावर येतं.

मला यातलं सर्वांत आवडलेलं कलम वेगळंच आहे. मोटरला वीज सतत मिळत नाही, तुकड्यातुकड्यांनी मिळते. मधल्या क्षणी डिकोडर पुरवठा थांबवतो आणि फिरत्या मोटरमधून उलट किती व्होल्ट निघतात ते मोजतो. त्यावरून खरा वेग कळतो. चढावर मंदावली असेल तर पुढच्या तुकड्यात थोडं जास्त वाढतो. जे इंजिन पूर्वी आधी ढिम्म आणि मग एकदम उसळी मारायचं, ते आता स्लीपरमागून स्लीपर मोजत जातं. शिवाय ते फलाटावर उभं असतानाही दिवा जळतो. पूर्वी वीज गेली की गाडी थांबायची, की गाडी थांबली की वीज जायची, हे उमगेपर्यंत सगळं अंधारात.

"एवढं करून शेवटी गोलच फिरतंय ना?" असं सौभाग्यवतींनी विचारलं. गोल फिरतं हे खरं. पण खऱ्या रेल्वेनेही हा खटाटोप काही कमी केला नाही. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला हार्बर मार्गावर १,५०० व्होल्ट डीसीवर देशातली पहिली विजेची गाडी धावली, आणि २५,००० व्होल्ट एसीकडे जाताना मुंबईतला शेवटचा डीसी २०१६ साली निघाला तोही हार्बरवरूनच. मधल्या काळात दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं बाळगावी लागली. माझा डिकोडरही जुन्या डीसी रुळावर मुकाट्याने चालतो, त्यामुळे आपली चाल मध्य रेल्वेसारखीच आहे असं मी सांगून पाहिलं. उत्तर आलं नाही.

आता आवाजाचा डिकोडर घातला आहे. अल्को रिकामं उभं असताना जी धापा टाकल्यासारखी लय असते ती त्यात खऱ्या इंजिनावरून टिपलेली आहे, आणि दोन नंबरच्या बटणावर भोंगा. एफ-० पासून एफ-२८ पर्यंत बटणं आहेत. मला अजून निम्मी येत नाहीत. घरात बाकी सगळ्यांना एकच येतं, एफ-८. त्याने आवाज बंद होतो.