गच्चीवरचे धुरंधर

रविवारी दुपारी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीतून निळसर धूर निघताना दिसला, तर अग्निशमन दलाला फोन लावायची घाई करू नका. वर धुरंधर आहेत. सातपूरच्या कारखान्यात हयातभर क्वालिटी कंट्रोल सांभाळून निवृत्त झालेले, नातवाला सांभाळायला सहा महिने कॅन्सस सिटीला मुलाकडे राहिलेले, आणि येताना चॉकलेटांऐवजी मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर घेऊन आलेले. हा प्राणी आता कॉलेज रोडपासून इंदिरानगरपर्यंत सगळीकडे आढळतो. नोकरीतून माणूस निवृत्त होतो, तपासणीतून होत नाही. पूर्वी ते इंजिनचे सुटे भाग नापास करायचे, हल्ली डुकराच्या बरगड्या करतात.

अर्थात ‘डुकराच्या’ हा शब्द ते सोसायटीत उच्चारत नाहीत. तिथे ‘रिब्ज’. घरातल्या आजींनी विचारलं, “कशाचं आहे रे ते?” तर उत्तर ठरलेलं: “अमेरिकन मटण.”

त्यांची शेगडी म्हणजे अंबडच्या फॅब्रिकेटरकडून मधोमध कापून, बिजागऱ्या आणि धुराडं लावून घेतलेला लोखंडी ड्रम. तो दाखवताना ते तुम्हाला जॉर्ज स्टीफनची गोष्ट सांगणारच. हा गृहस्थ शिकागोत पाण्यावर तरंगणारे बोये बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. १९५२ साली त्याने बोयाच्याच लोखंडी अर्धगोलांची झाकणवाली शेगडी केली आणि तिच्यातून वेबर हा जगभरचा ब्रँड उभा राहिला. “म्हणजे बघा, एमआयडीसीतलाच माणूस!” असं म्हणून धुरंधर ड्रमवर थाप मारतात.

बोकड नाशकात पावलोपावली मिळतो. पोर्कच्या बरगड्या, त्याही पोटाकडच्या, लांब आणि चरबीदार हव्यात म्हटल्यावर ओळखी लागतात. धुरंधरांच्या ओळखीचे एक पासधारक रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन-येऊन असतात. वांद्र्याहून निघालेला माल बर्फात बसून त्यांच्यासोबत संध्याकाळच्या गाडीने नाशिक रोडला उतरतो. थर्मोकोलच्या खोक्यावर मार्करने लिहिलेलं असतं, ‘औषध – थंड ठेवा’.

मग तिथी पाहायची. सोमवार त्र्यंबकराजाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चतुर्थी, एकादशी, श्रावण, नवरात्र वेगळं. कालनिर्णयावर एवढ्या फुल्या मारून झाल्यावर उरलेल्या रविवारी वारा पश्चिमेकडून नसावा लागतो, कारण पूर्वेच्या विंगमध्ये सेक्रेटरी राहतात आणि ते कांदासुद्धा खात नाहीत. वहिनींचा कायदा याहून कडक. त्यांच्या माहेरी मटणाची चूलच मागच्या अंगणात होती. तोच नियम त्यांनी चौथ्या मजल्यावर आणला: खालची पळीसुद्धा वर जायची नाही आणि वरचा चमचाही खाली यायचा नाही.

पाहुण्यांना आमंत्रण बाराचं असतं. बाराला गेलेला पाहुणा पाहतो, तर धुरंधर बरगड्यांच्या हाडाकडच्या बाजूचा पातळ पापुद्रा टिश्यू पेपरने पकडून सोलत बसलेले. तो राहिला तर मसाला आत शिरत नाही आणि दाताखाली रबर येतं. मसाला कॅन्सस सिटीचा, पण नाशकात रुळलेला: पॅप्रिकाच्या जागी ब्याडगी, ब्राऊन शुगरच्या जागी गूळ आणि वहिनींच्या डब्यातून गुपचूप उचललेली काळ्या मसाल्याची चिमूट. (कायद्यात मसाल्याचा उल्लेख नाही, असं त्यांचं म्हणणं.)

मग निखारे ड्रमच्या एका टोकाला, मांस दुसऱ्या टोकाला आणि झाकण बंद. आत ११० अंश. भुकेला पाहुणा सुचवतो, “काका, निखारे खाली सरकवले तर पटकन होईल.” इथे व्याख्यान सुरू होतं. पोर्क त्रेसष्ट अंशांनाच खायला सुरक्षित होतं. पण बरगड्यांचं मांस श्वासागणिक राबलेलं, त्यात चिवट कोलॅजेन ठासून भरलेलं. ते सत्तरच्या पुढे सावकाश विरघळून जिलेटिन होतं आणि मांस मऊ पडायला आतला काटा नव्वदच्या वर जावा लागतो. “सुरक्षित आणि मऊ यांत तीस अंशांचं अंतर आहे,” धुरंधर बोट उंचावून सांगतात. पाहुण्याच्या हिशेबात ते अंतर पाच तासांचं असतं. त्यातून काटा मध्येच सत्तरच्या आसपास अडून बसतो, कारण मांसातल्या पाण्याची वाफ होते आणि घामाने अंग गार पडावं तसं तेही गार पडतं. तोवर पाहुण्यांची मुलं वेफर्सची तीन पाकिटं संपवतात.

धुराचंही एक प्रकरण झालं. फ्रान्समध्ये बोर्डो भागात द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांवर मांस भाजतात, हे वाचल्यावर धुरंधरांना नाशिकचं भाग्य उजळल्यासारखं वाटलं. इथे ऑक्टोबरात गोडी छाटणी, एप्रिलात खरड छाटणी, काड्यांचे ढीग लागलेले. ते गाडी काढून दिंडोरीला ओळखीच्या बागायतदाराकडे गेले आणि बोर्डोची महती सांगू लागले. बागायतदार शांतपणे म्हणाला, “बोर्डो? ते तर आम्ही फवारतो, साहेब. मोरचूद आन् चुना. शिवाय बाकीची औषधं. ह्या काड्यांवर काय काय बसलंय, त्याची यादी देऊ का?” तेव्हापासून वखारीतली आंब्याची ढलपी वापरात आहे.

शेवटच्या पाव तासात टोमॅटो आणि मोलॅसिसऐवजी काकवीचा दाट सॉस वरून फिरतो. आधी लावला तर साखर करपते. मग चिमट्याने पट्टी मधून उचलायची. ती वाकली आणि पृष्ठभागाला तडे गेले की पास.

पाच वाजता ताट समोर येतं आणि एखादा बिचारा कौतुकाने म्हणतो, “वा! हाडावरून नुसतं गळून पडतंय!” धुरंधरांचा चेहरा उतरतो. गळून पडलं म्हणजे जास्त शिजलं. कॅन्सस सिटीच्या स्पर्धांमध्ये अशा पट्टीचे गुण कापतात. दात लावला तेवढंच मांस सुटावं, बाकीचं हाडाला धरून राहावं. मग ते स्वतः एक तुकडा चावून पाहतात, डोळे मिटतात आणि वहीत लिहितात: ‘उजवी बाजू ४ अंश कमी. पुढच्या वेळी पाहू.’ जेवतात मात्र खाली येऊन, वहिनींच्या हातचा वरणभात.

त्या रिब्ज, खरं सांगायचं तर, हॉटेलातल्या सिझलरच्या तोंडात मारतील अशा असतात. आमंत्रण आलं तर नाही म्हणू नका. फक्त निघताना घरून दोन घास खाऊन जा, बाराचं बोलावणं असेल तर चारला पोहोचा, आणि काटा किती अंशांवर आहे ते चुकूनही विचारू नका.